सतरावा नंबर आणि युरोपचे तिकीट

मराठीत 'पात्र' या शब्दाचे निदान चार अर्थ आहेत. नदीचे पात्र, नाटकातले पात्र, स्वयंपाकघरातले पात्र, आणि चौथा अर्थ म्हणजे 'लायक'. पहिल्या तीन अर्थांवरून कोणाचे भांडण झाल्याचे आम्ही आजवर ऐकलेले नाही. चौथ्या अर्थावरून मात्र आपल्या शनिवारच्या वर्गाच्या मधल्या सुट्टीत रणधुमाळी चालते. बरे, ती मुलांपुरती असती तर आम्ही लिहायला बसलो नसतो. चहाच्या थर्मासपाशी उभे असलेले बाबालोकही तितक्याच जोराने भांडत असतात. विषय एकच: युरोपातल्या क्लब स्पर्धांत खेळायला खरा पात्र कोण?

ज्या आयांना आणि इथे पाहुणे आलेल्या आजी-आजोबांना फुटबॉलमधले ओ की ठो कळत नाही, त्यांच्यासाठी थोडी प्रस्तावना करतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब असतात. प्रत्येक क्लब वर्षभरात 38 सामने खेळतो. त्यातले वरचे काही क्लब पुढच्या वर्षी युरोपातल्या इतर देशांच्या क्लबांशी खेळायला जातात. तिथे तीन पंगती आहेत. पहिली मानाची पंगत म्हणजे चॅम्पियन्स लीग. दुसरी युरोपा लीग. तिसरी कॉन्फरन्स लीग, ही 2021 साली सुरू झाली. जेवण तिन्हीकडे मिळते. पण पहिल्या पंगतीत बासुंदी असते आणि दक्षिणाही भरघोस असते. म्हणून सगळी धडपड पहिल्या पंगतीच्या पाटासाठी.

आता भांडण कशावरून पेटले ते ऐका. 2025 च्या मे महिन्यात नऊ दिवसांत तीन गोष्टी घडल्या.

17 मे रोजी क्रिस्टल पॅलेसने वेम्ब्लीवर मँचेस्टर सिटीला 1-0 असे हरवून एफए कप जिंकला. क्लबच्या इतिहासातला हा पहिला मोठा चषक. 1990 आणि 2016 साली ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून हरले होते. एफए कप जिंकणाऱ्याला दुसऱ्या पंगतीचे, म्हणजे युरोपा लीगचे, आमंत्रण असते.

21 मे रोजी स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात युरोपा लीगचा अंतिम सामना झाला. त्यात टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला 1-0 असे हरवले. युरोपा लीग जिंकणारा क्लब पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या पंगतीला बसतो. आता गंमत बघा. त्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडचा नंबर होता पंधरावा, आणि टॉटनहॅमचा सतरावा. अठराव्या नंबरपासून क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलले जातात. म्हणजे 38 पैकी 22 सामने हरलेला, काठावर पास झालेला विद्यार्थी थेट मानाच्या पंगतीत!

25 मे हा लीगचा शेवटचा दिवस. न्यूकॅसल त्या दिवशी हरले, म्हणून अॅस्टन व्हिलाला पाचवा नंबर मिळवायला बरोबरीसुद्धा पुरली असती. सामना ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे चार दिवसांपूर्वी बिल्बाओत हरलेल्या त्याच मँचेस्टर युनायटेडशी. शून्य-शून्य असताना व्हिलाच्या मॉर्गन रॉजर्सने चेंडू जाळ्यात मारला. पण चेंडू आत जाण्याआधीच रेफरींनी गोलकीपरच्या बाजूने शिट्टी वाजवली होती. शिट्टी आधी वाजली म्हणून व्हिडिओ पाहून निर्णय बदलता येईना. व्हिला 2-0 असे हरले. न्यूकॅसलचे 66 गुण, व्हिलाचेही 66 गुण. गोलांचा फरक पाहिला तर न्यूकॅसलचा अधिक 21 आणि व्हिलाचा अधिक 7. न्यूकॅसल पाचवे, व्हिला सहावे. न्यूकॅसल पहिल्या पंगतीत, व्हिला दुसऱ्या.

म्हणजे सहाव्या नंबरचा बाहेर आणि सतराव्या नंबरचा आत. यावर भांडण झाले नसते तरच नवल.

आपल्या मोठ्या गटात टॉटनहॅमचे तीन कट्टर भक्त आहेत. त्यांचे म्हणणे असे: "नियम काय आहे? युरोपा लीग जिंकेल तो जाईल. आम्ही जिंकलो. संपलं." समोरचा पक्ष म्हणतो, "अरे, पण वर्षभर तुम्ही किती वाईट खेळलात! लायकी वर्षभराची असते, एका रात्रीची नसते." त्यावर टॉटनहॅमवाले म्हणतात, "एका रात्रीची कशी? नॉर्वेच्या बोडो ग्लिम्टला हरवायला उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे कोण गेलं होतं?" हा मुद्दा बिनतोड आहे. बोडो हे खरेच ध्रुववृत्ताच्या उत्तरेला असलेले लहानसे गाव. तिथल्या क्लबने त्या वर्षी रोमच्या लाझिओला घरी पाठवून उपान्त्य फेरी गाठली होती.

आमचा धंदा सॉफ्टवेअरचा. एखादा प्रोग्रॅम चमत्कारिक उत्तर देऊ लागला की आम्ही आधी जुन्या दुरुस्त्या उकरून काढतो. कोणी, कधी, कशासाठी ही ओळ घातली? या नियमांचेही तसेच करून पाहिले, आणि वर्गातल्या दोन्ही पक्षांना पुरेल एवढा दारूगोळा सापडला.

युरोपियन कप 1955 साली सुरू झाला. कल्पना 'लेकिप' या फ्रेंच क्रीडा दैनिकाची. पहिल्या वर्षी पाहुण्यांची यादीही त्या दैनिकानेच केली. स्कॉटलंडचा विजेता होता अॅबर्डीन, पण आमंत्रण गेले पाचव्या नंबरच्या हिबर्नियनला, आणि हिबर्नियनने उपान्त्य फेरी गाठून दाखवली! इंग्लंडचा विजेता चेल्सी खरोखर पात्र होता. पण इथल्या फुटबॉल लीगच्या कारभाऱ्यांनी 'आपल्या सामन्यांत अडथळा येईल' असे सांगून त्यांना घरी बसवले. म्हणजे पाचवा आत आणि पहिला बाहेर हा प्रकार स्पर्धेच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे.

पुढे बरीच वर्षे नियम सरळ होता: आपापल्या देशाचा विजेता आणि गेल्या वर्षीचा युरोपविजेता, एवढेच. 1992 साली स्पर्धेचे नाव चॅम्पियन्स लीग झाले, आणि गंमत म्हणजे नावात 'चॅम्पियन' आल्यावर पाच वर्षांनी चॅम्पियन नसलेले आत येऊ लागले. 1997 पासून मोठ्या आठ देशांचे दुसऱ्या नंबरचे क्लब, आणि 1999 पासून सगळ्यांत मोठ्या देशांचे चार-चार क्लब. 1999 साली बार्सिलोनात शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल करून मँचेस्टर युनायटेडने बायर्न म्युनिकला हरवले, तो सामना बाबालोकांपैकी अनेकांना तोंडपाठ आहे. ते युनायटेड आदल्या वर्षी लीगमध्ये दुसरे आले होते. जुना नियम असता तर तो सामना झालाच नसता.

मग आले 2005. लिव्हरपूल लीगमध्ये पाचवे, आणि त्यांचे शेजारी एव्हर्टन चौथे. जागा चार. पण त्याच लिव्हरपूलने इस्तंबूलमध्ये एसी मिलानविरुद्ध 0-3 वरून 3-3 करून पेनल्टींवर चॅम्पियन्स लीग जिंकली. आता युरोपचा विजेताच पुढच्या वर्षी युरोपात नाही, हे कसे दिसेल? यूएफाने त्या वर्षापुरती सोय केली: एव्हर्टनही आत आणि लिव्हरपूलही आत, फक्त लिव्हरपूलने अगदी पहिल्या पात्रता फेरीपासून सुरुवात करायची. युरोपचा विजेता जुलै महिन्यात वेल्समधल्या टीएनएस नावाच्या चिमुकल्या क्लबशी खेळला. नंतर कायमचा नियम झाला की गतविजेत्याला जागा नक्की. मात्र एका देशाचे चारच क्लब.

ही एक ओळ घातली आणि सात वर्षांनी दुसरीकडे फुटले. 2012 साली टॉटनहॅम चौथे आले आणि चेल्सी सहावे. त्याच चेल्सीने म्युनिकमध्ये, बायर्नच्या घरच्या मैदानावर, चॅम्पियन्स लीग जिंकली. चारच जागा! चेल्सी आत, टॉटनहॅमची उचलबांगडी दुसऱ्या पंगतीत. वर्षभर राबून चौथा नंबर मिळवला आणि पाट भलत्याच्याच सामन्याने गेला. त्यानंतर पुन्हा दुरुस्ती झाली: 2015 पासून युरोपा लीगच्या विजेत्यालाही पहिल्या पंगतीत जागा आणि एका देशाला पाच क्लबांची मुभा. आणि ज्या टॉटनहॅमला 2012 साली नियमाने बाहेर काढले, त्याच टॉटनहॅमला 2025 साली नियमाने सतराव्या नंबरवरून आत घेतले. हा हिशेब आम्ही वर्गात मांडला तेव्हा टॉटनहॅमच्या तीन भक्तांनी टाळ्या वाजवल्या.

त्यावर एका मुलीने शांतपणे विचारले, "पण काका, इंग्लंडचे सहा-सहा क्लब कशाला? बाकीच्या देशांनी काय करायचं?" प्रश्न मार्मिक आहे. 2025-26 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये 36 क्लबांपैकी सहा एकट्या इंग्लंडचे होते. आदल्या वर्षी ज्या दोन देशांच्या क्लबांनी युरोपात सरासरीने सर्वांत चांगली कामगिरी केली त्यांना एकेक जादा जागा मिळते. त्यातली एक इंग्लंडला मिळाली आणि न्यूकॅसलची सोय झाली. याउलट लहान देशांचे विजेते, म्हणजे ज्यांच्यासाठी ही स्पर्धा मुळात निघाली ते, जुलैपासून चार-चार पात्रता फेऱ्या खेळत घाम गाळतात. त्यातून कझाकस्तानचा कैरात अल्माटी 2025 साली स्कॉटलंडच्या सेल्टिकला पेनल्टींवर हरवून आत आला. नकाशा काढून अल्माटी शोधा. चीनची सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्यांचा पहिला सामना होता थेट लिस्बनला!

एवढे झाल्यावर पॅलेसकडे येऊ. कारण आमच्या घरात पेच पडला तो तिथे. आम्ही राहतो सेल्हर्स्ट पार्कपासून बसने पंधरा मिनिटांवर, आणि आमची अकरा वर्षांची लेक पॅलेसची. आमचा आग्रह नव्हता. शाळेतल्या मैत्रिणींबरोबर लागलेले वेड.

एफए कप जिंकल्यावर घरात दिवाळी झाली. पण अमेरिकेतल्या ज्या उद्योगपतीचा पॅलेसमध्ये मोठा वाटा होता, त्याचाच फ्रान्सच्या ल्योन क्लबवर ताबा होता. ल्योनही युरोपा लीगला पात्र ठरले. एका मालकाचे दोन क्लब एका स्पर्धेत चालत नाहीत, आणि हा व्यवहार 1 मार्चपर्यंत निस्तरलेला असावा, असा यूएफाचा नियम. त्याने पॅलेसमधला वाटा विकला, पण तारीख उलटून गेल्यावर. आपल्या लीगमध्ये ल्योन सहावे आणि पॅलेस बारावे, म्हणून ल्योन राहिले. 11 जुलैला निर्णय आला: पॅलेस तिसऱ्या पंगतीत, आणि त्यांच्या जागी सातव्या नंबरचे नॉटिंगहॅम फॉरेस्ट दुसऱ्या पंगतीत. समर्थकांनी मोर्चा काढला. क्लबने क्रीडा लवादाकडे दाद मागितली. 10 ऑगस्टला पॅलेसने लिव्हरपूलला पेनल्टींवर हरवून कम्युनिटी शील्ड जिंकली, आणि 11 ऑगस्टला लवादाने अपील फेटाळले.

तेव्हा आमच्याकडे कोल्हापूरचे आबा आले होते. कोल्हापूरला फुटबॉल शिकवायला लागत नाही. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार ही नावे ऐकली की तिथला माणूस अजूनही शाहू स्टेडियमकडे वळतो. आबांना आम्ही मालकीची भानगड समजावून सांगितली. ते म्हणाले, "एका मालकाच्या दोन तालमी एका मैदानात? मग ती नुरा कुस्तीच की! नियम बरोबर हाय." नुरा कुस्ती म्हणजे आधीच ठरवून केलेली, लुटुपुटूची. लेकीचे डोळे भरून आले तसे आबा जरा थांबले आणि म्हणाले, "पर पोरांचं काय चुकलं? घाम तर त्यांनीच गाळला न्हवं?"

लेकीने आम्हाला विचारले, "जिंकूनही मिळत नसेल तर जिंकायचं कशाला?"

हा प्रश्न फुटबॉलचा नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळले. आपण सगळेच आईबाप मुलांना एकच मंत्र देत आलो आहोत: अभ्यास कर, मेहनत कर, तुझे तुला मिळेल. आम्ही स्वतः त्याच मंत्रावर इथवर आलो. अर्ध्या गुणाने कॉलेज बदलते ते आमच्या पिढीने पाहिले आहे. आपल्यातले कित्येक जण या देशात आले तेही गुण मोजूनच: पदवीचे इतके, पगाराचे इतके, वयाचे इतके. बेरीज पुरली म्हणून आत. ज्यांची पुरली नाही ते सगळे आमच्यापेक्षा कमी लायक होते, असे म्हणायला आमची जीभ वळत नाही.

म्हणून त्या रात्री जेवणाच्या टेबलाशी आम्ही तिघांनी मिळून एक यादी केली. चांगला नियम कसा ओळखावा?

एक, तो खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना माहीत असावा. दोन, तो सगळ्यांना सारखा असावा. तीन, खालच्याला वर यायला आणि वरच्याला खाली जायला दार उघडे असावे. चार, शिक्षा त्यालाच व्हावी ज्याची चूक असेल.

मग एकेक प्रकरण या चाळणीतून काढले. टॉटनहॅमचा सतरावा नंबर चारही कसोट्यांत पास झाला. लेकीला ते आवडले नाही, पण तिने मान्य केले. 2021 च्या एप्रिलमध्ये बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःची सुपर लीग जाहीर केली होती. त्यातल्या बहुतेक जागा कायमच्या, खेळा कसेही. ती तिसऱ्या कसोटीत साफ नापास. चेल्सीच्या मैदानाबाहेर चेल्सीच्याच समर्थकांनी रस्ता अडवला आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. आपला क्लब कायमचा आत असावा असे त्या समर्थकांना वाटायला हवे होते. पण जिथून बाहेर पडण्याची भीती नाही तिथे आत असण्याला काय किंमत, हे त्यांना बरोबर कळले.

1985 चे उदाहरण फार दुःखाचे आहे. ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर 29 मे रोजी लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या सामन्याआधी लिव्हरपूलच्या समर्थकांनी चाल केली आणि चेंगराचेंगरीत 39 माणसे गेली. त्यानंतर इंग्लंडच्या सगळ्याच क्लबांना पाच वर्षे युरोप बंद झाला, लिव्हरपूलला सहा. त्या वर्षीचा लीग विजेता होता एव्हर्टन. त्यांनी दोनच आठवड्यांपूर्वी कप विनर्स कपही जिंकला होता. त्यांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते, तरी युरोपियन कपचे दार बंद. 39 घरांच्या दुःखापुढे ही तक्रार लहान आहे. पण चौथ्या कसोटीत तो निर्णय बसत नाही, हेही खरे आहे.

"आणि पॅलेस?" लेकीने विचारले. पॅलेस पहिल्या कसोटीत बसते: तारीख आधी जाहीर होती. दुसरीत बसते. तिसरीत बसते. चौथीत नाही. घाम गाळणारे वेगळे आणि कागद करणारे वेगळे. "म्हणजे नियमही बरोबर आणि अन्यायही झाला?" ती म्हणाली. आम्ही हो म्हटले. अकरा वर्षांच्या मुलीला हे पटायला जड गेले. चाळिशीतल्या माणसांनाही जाते.

मंत्र आम्ही सोडलेला नाही. अभ्यास करायचा, मेहनत करायची. त्याला एक ओळ जोडली आहे: पाट कुठे मांडायचा हे दुसरे ठरवतात, पण कप आपल्या कपाटात आहे. आणि नियम चुकीचा वाटला तर मोर्चा काढावा, अपील करावे, आणि गुरुवारी मॅच असेल तेव्हा खेळायला उतरावे. त्याच ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या फ्रेडरिकस्टाडविरुद्ध पॅलेस सेल्हर्स्ट पार्कवर 1-0 असे जिंकले. आम्ही तिघे आणि आबा स्टँडमध्ये होतो. तिसऱ्या पंगतीतही लोक पोटभर ओरडत होते. आबांनी तर "हाण तिच्या मायला!" अशी एक अस्सल कोल्हापुरी आरोळी ठोकली, ती आजूबाजूच्या कोणालाही कळली नाही हे बरेच झाले.

असो. वर्गातले भांडण मिटलेले नाही आणि मिटूही नये. व्हिलावाल्यांच्या शिट्टीचा निवाडा अजून बाकी आहे. आमची एकच विनंती आहे: मधल्या सुट्टीत हे भांडण मराठीतूनच व्हावे. हरकत, निवाडा, दाद मागणे, पात्र, अपात्र, लायक, नालायक असे सात शब्द मुले या वादातच शिकली, आणि शुद्धलेखनात एरवी गळपटणारे टॉटनहॅमचे तीन भक्त 'उचलबांगडी' हा शब्द एकही चूक न करता लिहितात. ऑफसाइडला मात्र चांगला मराठी शब्द अजून सापडलेला नाही. कोणाला सुचला तर पुढच्या अंकासाठी ताईंकडे लिहून द्यावा.